गोव्यात सुट्टीचे घर घेण्याआधी: एक-चौदा, सनद आणि जुलैतला पाऊस

प्रश्न असा आहे. पुण्याचे एक कुटुंब, बजेट ८० लाखांच्या आसपास. उत्तर गोव्यातल्या बारदेश तालुक्यात, आसगाव किंवा शिवोलीच्या बाजूला, दोन बेडरूमचा फ्लॅट घ्यावा की जुने कौलारू घर? वर्षातून चार-पाचदा स्वतः यायचे, एरवी पर्यटकांना भाड्याने द्यायचे. घेण्याआधी काय काय तपासावे?

फ्लॅट की जुने घर, याचे उत्तर आधी देतो. गोव्यात वर्षाकाठी जेमतेम महिनाभर राहणार असाल आणि इथे विश्वासाचे माणूस नसेल, तर ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (इमारत वापरायला दिलेला परवानगीचा दाखला) मिळालेला तयार फ्लॅट घ्या. जुने घर फार सुंदर असते. बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बाकांच्या पडवीत बसून पाऊस पाहण्याची सर फ्लॅटला येत नाही, हे मान्य. पण त्याच्या मालकीचा गुंता सोडवायला वर्ष-दीड वर्ष सहज जाते, आणि तो न सोडवता घेतलेले घर पुढे विकताही येत नाही.

हा गुंता कुठून येतो ते समजून घ्या, कारण महाराष्ट्रातला सातबारा वाचायची सवय इथे अर्धीच उपयोगी पडते. गोव्यात सातबाऱ्याच्या जागी एक-चौदाचा उतारा असतो, आणि शहरी भागात फॉर्म डी. एक-चौदात कब्जेदाराचे नाव असते. विक्रेता तेच नाव दाखवून 'मालक मीच' म्हणतो. पण कब्जेदार म्हणून लागलेले नाव म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नाही. मालकीची साखळी त्याच्याही मागे, पोर्तुगीज काळातल्या जमीन नोंदणीपर्यंत जाते. तिथे मालमत्तेचे वर्णन एका क्रमांकाखाली असते, त्याला डिस्क्रिप्शन म्हणतात. ती कोणाच्या नावे आहे ती नोंद म्हणजे इन्स्क्रिप्शन. कराची जुनी नोंद मात्रिजमध्ये सापडते. हे सगळे पोर्तुगीज भाषेत असते, म्हणून ते वाचू शकणारा वकील हवा. जुन्या वर्णनातल्या चतुःसीमा आणि आजचा सर्व्हे नंबर एकाच जागेचे आहेत, हे त्या वकिलाने लेखी द्यायला हवे. 'टायटल क्लिअर आहे' या एका ओळीवर समाधान मानू नका.

एक-चौदा हातात आला की पूर्ण वाचा. वरच्या भागात क्षेत्र कोणत्या प्रकारचे ते लिहिलेले असते: जिरायत, बागायत, भात, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली सखल जमीन), आणि केर, मोरड हे जमिनीचे स्थानिक प्रकार. जागा घराची म्हणून दाखवली आणि क्षेत्र 'भात'च्या रकान्यात दिसले, तर पुढे जाऊ नका. २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकायला गोव्यात बंदी आहे. त्याखाली कुळाचा रकाना. तिथे नाव असेल तर जमीन कसणाऱ्याचा हक्क उभा आहे आणि भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या एकट्याच्या सहीला अर्थ नाही. मग 'इतर हक्क'. या रकान्यात बहुतेक जण नजर टाकत नाहीत, आणि मुंडकार नेमका तिथेच असतो. भाटकाराच्या जमिनीत पूर्वापार घर करून राहणारा तो मुंडकार. १९७५ च्या कायद्याने त्याला घरातून काढता येत नाही. घर आणि भोवतालची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्कही त्याला आहे. मोठ्या भाटात (बागायती जमिनीत) कोपऱ्यावर एखादे छोटे घर दिसले, अंगणात तुळस किंवा खुरीस (क्रूस) दिसला, तर उताऱ्यावर नाव असो वा नसो, तिथे कोण आणि कधीपासून राहते हे शेजारी जाऊन विचारा.

आता वारसांचे. गोव्यात वारसा आणि विवाहातल्या संपत्तीला पोर्तुगीज नागरी कायद्यातून आलेले नियम लागतात. वारशापुरते ते आता २०१२ च्या गोवा वारसा कायद्यात आले आहेत. वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची संपत्ती सामाईक होते, वारशाने आलेलीसुद्धा. त्यामुळे घर एकट्या भावाच्या नावावर दिसले तरी त्याच्या पत्नीची सही लागते. आजोबांचे घर पाच भावंडांकडे आले असेल तर सुना आणि जावई धरून दहा सह्या झाल्या. त्यातला एखादा वारला असेल तर त्याची मुले आणि त्यांचे जोडीदार आले. ही यादी विक्रेत्याच्या तोंडून ऐकायची नसते. ती दोनच ठिकाणी मिळते: विशेष नोटरीपुढे झालेल्या वारसा दस्तात, किंवा न्यायालयातल्या इन्व्हेंटरी प्रकरणाच्या आदेशात. दस्तात वारस कोण ते कळते. कोणाच्या वाट्याला काय आले ते इन्व्हेंटरीत ठरते. इन्व्हेंटरी झाली नसेल तर सगळ्या वारसांनी खरेदीखतावर सही करावी, किंवा ती पूर्ण होईपर्यंत थांबावे. 'बाकीच्यांची तोंडी संमती आहे' हे वाक्य कानावर आले की टोकन परत मागा. अविभक्त हिस्सा विकत घेणे तर आणखी धोक्याचे. बाहेरच्याला विकण्याआधी सहमालकाला विचारावे लागते, आणि न विचारल्यास तो व्यवहाराला आव्हान देऊ शकतो.

विक्रेते परदेशात असणे ही इथली रोजची गोष्ट आहे: लिस्बन, लंडन, टोरांटो. सही मुखत्यारपत्रावर होते. मुखत्यारपत्र कोणत्या देशात झाले, तिथल्या वकिलातीने किंवा अपोस्टिलने (परदेशात चालणाऱ्या सरकारी प्रमाणीकरणाने) प्रमाणित केले आहे का, त्यात 'विकणे आणि पैसे घेणे' हे दोन्ही अधिकार स्पष्ट शब्दांत आहेत का, हे पाहा. आणि देणारा माणूस आज हयात आहे का, ते व्हिडिओ कॉलवर त्याच्याशी बोलून पक्के करा. माणूस गेला की साधे मुखत्यारपत्र संपते. कराचा मुद्दाही इथे येतो. विक्रेता भारतात राहणारा असेल तर ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात तुम्ही १ टक्का टीडीएस कापायचा असतो. तो अनिवासी असेल तर कापायची रक्कम कितीतरी मोठी असते, ५० लाखांची मर्यादाही लागू होत नाही, आणि कापली नाही तर जबाबदारी खरेदीदाराची. विक्रेत्याने आयकर खात्याकडून कमी दराचे प्रमाणपत्र आणले तरच कमी कापा. चार भावंडांपैकी दोघे परदेशात असतील तर प्रत्येकाच्या हिश्श्याचा हिशेब वेगळा.

बनावट कागदांबद्दल इथे जरा जास्तच सावध राहावे लागते. मालक परदेशात किंवा वारस नाहीत अशा जमिनी जुनी बनावट खरेदीखते तयार करून बळकावल्याची प्रकरणे इतकी झाली, की २०२२ मध्ये राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. सरकारी दप्तरातून मिळालेली प्रमाणित प्रतही अशा प्रकरणांत खोटी निघाली आहे. म्हणून कागदाची प्रत विक्रेत्याकडून न घेता वकिलाने स्वतः उपनिबंधक कार्यालयात आणि पुराभिलेख खात्यात मूळ नोंदवही पाहावी. सोबत ३० वर्षांचे बोजा नसल्याचे प्रमाणपत्र काढा, आणि एका मराठी व एका इंग्रजी दैनिकात जाहीर सूचना द्या. गावातल्या माणसाची हरकत असेल तर तो ती सूचना वाचून येतो. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागद तपासले गेले, असे समजू नका. बँकेचा वकील बँकेसाठी पाहतो, आणि मुंडकार किंवा हद्दीच्या वादाशी त्याचे फारसे देणेघेणे नसते.

मालकी ठीक निघाली की जमीन कोणत्या झोनमध्ये आहे ते नगरनियोजन खात्याच्या झोनिंग प्रमाणपत्रावर बघा. 'प्रादेशिक आराखडा २०२१' या आराखड्यात ती 'सेटलमेंट' म्हणजे वस्तीची असायला हवी. 'ऑर्चर्ड' म्हणजे बागायत. तिथे फार्महाऊसला परवानगी मिळते, पण ४,००० चौरस मीटरचा तुकडा लागतो. ऑर्चर्डमधले दोनशे-तीनशे मीटरचे 'प्लॉट' अविभक्त हिस्सा म्हणून विकले जातात. ते घेऊ नका. तिथे तुम्हाला घर बांधता येणार नाही. झोन बदलून मिळेल या आश्वासनावरही पैसे देऊ नका. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली झालेले असे बदल न्यायालयात गेले, आणि त्यासाठीचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. जागेचा झोन याच किंवा ३९अ या कलमाखाली बदललेला असेल, तर तो मूळ आराखड्यात काय होता ते विचारा आणि त्यावर खटला चालू आहे का ते पाहा. झोनपेक्षा सनद ही वेगळी गोष्ट आहे. जमीन बिगरशेती करण्याची परवानगी म्हणजे सनद. तिच्यासोबतच्या नकाशावर नेमका कोणता भाग रूपांतरित झाला ते रेघेने दाखवलेले असते. अर्ध्या प्लॉटची सनद आणि इमारत पूर्ण प्लॉटवर, असे प्रकार सापडतात.

शिवोलीसाठी आणखी एक. समुद्र दूर आहे म्हणून सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) नाही, असे नसते. शापोरा नदीला भरती-ओहोटी आहे, त्यामुळे तिच्या काठालाही किनारी नियमन लागते: भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा पात्राची रुंदी, यांतले जे कमी ते. समुद्राकाठी हा पट्टा ५०० मीटरचा, आणि ग्रामीण किनाऱ्यावर त्यातल्या पहिल्या २०० मीटरांत नवे बांधकाम नाही. २०११ च्या अधिसूचनेवर बेतलेला गोव्याचा किनारी आराखडा २०२२ मध्ये मंजूर झाला. त्याच्या नकाशावर आपला सर्व्हे नंबर वास्तुविशारदाकडून ठेवून घ्या. नदीकाठच्या जुन्या घराची दुरुस्ती करायची असेल तर ते १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीचे आहे याचा पुरावा लागतो. त्या वेळी नकाशावर दिसणाऱ्या घराला नंतर जोडलेली खोली बहुधा बेकायदा असते.

फ्लॅटच्या बाबतीत कागदांची ओळ ठरलेली आहे: सनद, नगरनियोजन खात्याची तांत्रिक मान्यता, पंचायतीचा बांधकाम परवाना, पूर्णत्वाचा दाखला आणि शेवटी पंचायतीचे ऑक्युपन्सी सर्टिफिकेट. घरपट्टीची पावती आणि घर क्रमांक म्हणजे परवाना नव्हे. बेकायदा बांधकामालाही घर क्रमांक आणि वीज जोडणी मिळालेली असते. प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर किंवा आठपेक्षा जास्त युनिटचा असेल तर गोवा रेराच्या (गृहप्रकल्पांच्या नियामकाच्या) संकेतस्थळावर तो शोधा, मंजूर नकाशा उतरवून घ्या आणि तो हातात धरून जागेवर फिरा. नकाशात पार्किंग असलेल्या ठिकाणी जिम, टेरेसवर वाढीव खोली, सेटबॅकमध्ये (इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत) पोहण्याचा तलाव, ही तीन ठिकाणे हमखास पाहावीत. करार नोंदवण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी लागतो, ऑक्युपन्सी झाल्यावर लागत नाही. ८० लाखांवर हा ४ लाखांचा फरक आहे.

इथवर कागद. आता जागा पाहायला या, आणि जुलैत या. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, गोव्यात ३,००० च्या आसपास, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. डिसेंबरमध्ये नुकताच रंग दिलेले घर काहीच सांगत नाही. जुलैत पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या भिंतीला आतून हात लावा. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर रंगाला फोड आले असतील, बोटाने दाबल्यावर पापुद्रा सुटून पांढरी पूड बोटाला लागत असेल, तर तो लोणा आहे: जोत्यातून ओल वर चढते आणि सोबत आणलेला क्षार मागे ठेवून वाळते. चिऱ्याचा दगड सच्छिद्र असतो, पाणी शोषतो. त्यावर आतून सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट मारला की ओल कोंडते आणि आणखी वर सरकते. असा गिलावा काढून चुन्याचा करावा लागतो. नुसते वॉटरप्रूफिंगचे रसायन फासून एका पावसाळ्यापुरते काम होते. डाग वरून खाली येत असेल तर गळती छपराची किंवा खिडकीच्या कडेची आहे, आणि तो दोष त्यामानाने स्वस्तात दुरुस्त होतो. कौलारू छपरात वासे जिथे भिंतीवर टेकतात तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. तो सहज आत गेला तर वाळवीने लाकूड पोखरले आहे. खिडक्यांवर पुरेशी पुढे आलेली पडवी किंवा छज्जा नसेल तर झड थेट आत येते. जुनी घरे उगाच खोल पडवीची नसत, आणि पावसाळ्यात पश्चिमेला चुडतांचे (माडाच्या झावळ्यांचे) झाप उगाच बांधत नसत. काचेच्या भिंतींचे नवे व्हिला या बाबतीत फार कमजोर आहेत.

त्याच भेटीत शौचालयाच्या टाकीचे झाकण उघडायला लावा. पणजी, मडगाव, वास्कोच्या काही भागांबाहेर मलनिस्सारण वाहिनी क्वचितच आहे. बाकी सगळीकडे सेप्टिक टँक आणि सोक पिट, म्हणजे शोषखड्डा. खाजन किंवा शेताच्या कडेला भूजल पावसात वर येते, सोक पिट पाणी घेत नाही आणि मैला मागे सरकतो. विहीर असेल तर सोक पिटपासून किमान १५ मीटर लांब हवी, आणि समुद्राजवळच्या विहिरीचे पाणी मे महिन्यात खारट होते का ते चाखून बघा. नळाच्या पाण्यासाठी मात्र एप्रिल-मेमध्ये यावे लागते. बारदेशाला मुख्यतः अस्नोडा प्रकल्पातून पाणी येते आणि उन्हाळ्यात टोकाच्या वस्त्यांना टँकर बोलवावे लागतात. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे मागच्या उन्हाळ्यातली टँकरची बिले मागा. बोलण्यापेक्षा ती बिले खरी माहिती देतात.

शनिवारी रात्री ११ वाजता गच्चीवर दहा मिनिटे उभे राहा. हणजूण-वागातोरचे संगीत वाऱ्याबरोबर आसगावच्या टेकडीपर्यंत येते. समोरच्या हिरव्या शेताचे दृश्य तुम्ही विकत घेत नसता. त्या शेताचा झोन काय आहे आणि ते कोणाच्या नावावर आहे तेही तपासा.

भाड्याचा हिशेब दलालाच्या कागदावर न करता असा मांडा. समजा वर्षात १२० रात्री गेल्या, सरासरी ५,००० रुपयांनी: ६ लाख. बुकिंग संकेतस्थळाचे कमिशन १५ टक्के धरले तर ९०,०००. स्थानिक व्यवस्थापकाचे २० टक्के, म्हणजे १ लाख २० हजार. साफसफाई आणि चादरी, ४५ बुकिंगना ८०० रुपयांप्रमाणे ३६,०००. वीज ६०,०००, सोसायटी ४८,०००. दुरुस्तीला किमतीच्या १ टक्क्याहून थोडे जास्त, ९०,००० धरा. खारी हवा एसीच्या बाहेरच्या युनिटची कॉइल, गेटचे बिजागर, नळ सगळे खाते. उरले १ लाख ५६ हजार, म्हणजे ८० लाखांवर दोन टक्क्यांहून कमी, तेही आयकराआधी. ६० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले तर वर्षाचे हप्तेच सव्वासहा लाख होतात. भाडे हप्ता भरेल या भरवशावर हे घर घेऊ नका. देखभालीचा खर्च सुटला तरी पुष्कळ झाले, अशा तयारीने घ्या.

भाड्याने देण्यालाही परवाना लागतो. पर्यटकांना घर देणाऱ्याने १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करायची असते, आणि त्यासाठी ऑक्युपन्सी सर्टिफिकेट व सोसायटी किंवा पंचायतीचे कागद मागितले जातात. म्हणजे बेकायदा फ्लॅट भाड्यालाही निरुपयोगी. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. सोसायटीच्या पोटनियमांत अल्पमुदतीच्या भाड्यावर बंदी आहे का ते करारापूर्वीच वाचा; शेजाऱ्यांना शुक्रवार-शनिवारच्या गोंगाटाचा वीट आलेला असतो आणि त्यांचे चुकत नाही.

मुद्रांक शुल्क किमतीच्या टप्प्याप्रमाणे आणि नोंदणी शुल्क वेगळे, दोन्ही मिळून सात-आठ टक्के बाजूला ठेवा. वकील, मोजणी आणि पहिली दुरुस्ती यांना आणखी तीन-चार लाख. पैसे टप्प्याने द्या: टोकन एक लाखाच्या आत आणि 'कागदात दोष निघाल्यास परत' असे लिहून, करार नोंदवल्यावर १० टक्के, बाकी खरेदीखताच्या दिवशी. घर जमिनीसह असेल तर त्याआधी भूमापन खात्याकडून हद्दीची मोजणी करून खुंट बसवून घ्या, शेजाऱ्यांना नोटीस देऊन. रस्त्यापासून घरापर्यंतची वाट नकाशात आहे का, की शेजाऱ्याच्या भाटातून चालत आलेली नुसती पायवाट आहे, हे त्याच दिवशी कळते.

खरेदीखत झाल्यावर पुण्याला परतण्याची घाई नको. त्याच आठवड्यात मामलेदार कार्यालयात म्युटेशनचा (फेरफाराचा) अर्ज द्या, पंचायतीत घरपट्टी आणि वीज-पाण्याची मीटर आपल्या नावावर करायला द्या, जुन्या मालकाची थकबाकी नसल्याचे दाखले घ्या. म्युटेशन होऊन नवा एक-चौदा निघाला की त्यातला 'इतर हक्क'चा रकाना पुन्हा एकदा वाचा. आणि ज्याच्याकडे किल्ली ठेवणार त्याला सांगून ठेवा: जून ते सप्टेंबर दर आठवड्याला दोन तास सगळ्या खिडक्या, कपाटे आणि न्हाणीची दारे उघडायची, गाद्या भिंतीपासून हातभर लांब उभ्या ठेवायच्या, जाताना पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा.